मोजक्या विजेचा शास्त्रज्ञ

आचार्य जगदीशचंद्र बोस हे नाव उच्चारले, की बहुतेकांना शालेय पाठ्यपुस्तकातील लाजाळूचे झाड आणि वनस्पतींच्या संवेदना मोजणारे शास्त्रज्ञ आठवतात. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातील त्यांचे स्थान अभ्यासकांनी आता मान्य केले आहे. मात्र त्याची चर्चा बोस आधी की मार्कोनी आधी, या वादापाशीच थांबते आणि त्या वादात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. बोस यांनी आपली बिनतारी उपकरणे अत्यंत मोजक्या विजेवर चालविली. कोणत्या कामाला कोणता विद्युतघट घ्यावा, त्यातून किती दाबाची वीज आणि किती क्षण घ्यावी, याचा त्यांनी जितका बारकाईने विचार केला, तितका त्यांच्या काळात फार थोड्यांनी केला होता.

आज अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी बटणाएवढ्या सेलवर चालणारा छोटा बिनतारी संवेदक तयार करायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे नेमके हेच प्रश्न असतात. म्हणूनच कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका लहानशा खोलीत सव्वाशे वर्षांपूर्वी झालेले हे काम केवळ अभिमानाचा विषय म्हणून नव्हे, तर अभ्यासाचा विषय म्हणूनही पाहण्यासारखे आहे.

पाठशाळेतून केंब्रिजला

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी सेवेत डेप्युटी मॅजिस्ट्रेट आणि विचाराने ब्राह्मो समाजाचे. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. पण भगवानचंद्रांनी आपल्या मुलाला मुद्दाम बंगाली पाठशाळेत घातले. आपली भाषा आणि आपली माणसे ओळखल्याखेरीज परकी विद्या अंगी मुरत नाही, अशी त्यांची धारणा होती. कोळ्याचा मुलगा आणि घरच्या मुस्लिम नोकराचा मुलगा हे जगदीशचंद्रांचे वर्गमित्र होते. नदीतले प्राणी, शेतातली रोपे यांच्याविषयीचे त्यांचे पहिले कुतूहल या सोबत्यांमुळे जागे झाले.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये त्यांना फादर लाफोंसारखे गुरू लाभले. प्रयोग डोळ्यांसमोर करून दाखविल्याशिवाय पदार्थविज्ञान शिकविता येत नाही, असे मानणारे हे शिक्षक होते. १८७९ मध्ये पदवी मिळाल्यावर जगदीशचंद्र १८८० साली वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. पण जुन्या तापाने उचल खाल्ली आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील वासाने प्रकृती अधिकच ढासळली. अखेर वैद्यक सोडून ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. तेथे लॉर्ड रॅले यांच्याकडून त्यांना काटेकोर मोजमापाचा धडा मिळाला. १८८४ मध्ये केंब्रिज आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८५ साली ते मायदेशी परतले.

नाकारलेला पगार

इंग्लंडचे पोस्टमास्टर जनरल हेन्री फॉसेट यांचे शिफारसपत्र व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्यासाठी त्यांच्याजवळ होते. तरीही प्रेसिडेन्सी कॉलेजातील नेमणूक सहजासहजी झाली नाही. विज्ञान शिकविण्याइतकी कुवत भारतीयांत नाही, असा शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांचा समज होता. नेमणूक झाली ती हंगामी. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोनतृतीयांश पगार मिळे. हंगामी म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे समान कामासाठी एकतृतीयांश वेतन.

बोस यांनी यावर अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला नाही. ते रोज वेळेवर कॉलेजात जात, मन लावून शिकवीत आणि महिनाअखेरीस आलेला पगार घेण्यास नकार देत. हे तीन वर्षे चालले. याच काळात, १८८७ मध्ये त्यांचा अबला दास यांच्याशी विवाह झाला. त्यातच वडिलांनी लोकोपयोगी म्हणून काढलेले उद्योग बुडाल्याने कुटुंबावर कर्जाचा डोंगर होता. कलकत्त्यातील घरभाडे परवडेना, म्हणून या दांपत्याने हुगळीच्या पलीकडे चंदननगरला बिऱ्हाड केले. जगदीशचंद्र स्वतः होडी वल्हवीत अलीकडच्या तीरावर येत आणि अबलाबाई ती होडी परत घेऊन जात.

अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. नोकरी कायम झाली आणि मागील तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हाती आला. तो वडिलांच्या सावकारांकडे गेला. उरलेले कर्ज फेडण्यात आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, उर्वरित आयुष्य संशोधनाला वाहण्याचा संकल्प त्यांनी केला, तेव्हा हाताशी कर्जमुक्ततेखेरीज फारसे काही नव्हते. प्रयोगशाळा म्हणून कॉलेजातील एक लहानशी खोली आणि मदतीला एक देशी कारागीर, एवढीच सामग्री होती.

लहान लहरींची निवड

त्याच वर्षी हाइनरिश हर्ट्‌झ यांचे निधन झाले होते. विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्षात असतात हे त्यांनी १८८८ मध्ये सिद्ध केले होते. ऑलिव्हर लॉज यांनी हर्ट्‌झ यांच्या कार्यावर दिलेले व्याख्यान पुस्तकरूपाने निघाले. ते वाचून बोस यांना दिशा मिळाली. हर्ट्‌झ यांच्या लहरी साधारण ६६ सेंटिमीटर लांबीच्या होत्या. त्या प्रकाशाप्रमाणेच वाकतात, परावर्तित होतात, त्यांचे ध्रुवण होते हे तपासायचे, तर मोठमोठे आरसे आणि मणामणाचे लोलक लागत. बोस यांनी लहरींचीच लांबी कमी केली. त्यांच्या उपकरणातून ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निघू लागल्या. सेकंदाला सुमारे ६० अब्ज कंपने, असे याचे आजच्या भाषेत वर्णन करता येईल. लहरी लहान झाल्या तसे सारे उपकरणच टेबलावर मावेल एवढे झाले.

उपकरण लहान झाले की त्याला वीज पुरविणारी व्यवस्थाही लहान असावी लागते. येथे बोस यांच्या कामाचा खरा कस लागला.

प्रेषकासाठी जोमदार घट

त्या काळी वीज मिळविण्याचे पर्याय मोजकेच होते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जस्त, कार्बन आणि नवसागर यांचा लेक्लांशे घट सुमारे दीड व्होल्ट दाब देई. घंटी वाजविण्यासारख्या अधूनमधूनच्या कामाला तो उत्तम. सलग प्रवाह घेतला की तो लवकर मंदावे आणि विश्रांती मिळाल्यावर पुन्हा सावरे. तांबे-जस्ताचा डॅनियल घट सुमारे १.१ व्होल्टचा. त्याचा दाब स्थिर, पण अंतर्गत रोध अधिक असल्याने मोठा प्रवाह देणे त्याला जमत नसे. बुन्सेन घट भरपूर प्रवाह देई. मात्र त्यातील नायट्रिक आम्लाच्या वाफांनी खोलीत बसणे कठीण होई. शिशाचा संचायक घट २ व्होल्टचा आणि अंतर्गत रोध अत्यल्प. त्यामुळे क्षणभरात जोरदार प्रवाह देण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. तो पुन्हा प्रभारितही करता येई.

लहरी निर्माण करण्यासाठी धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडावी लागे. ठिणगीसाठी हजारो व्होल्टचा दाब हवा. तो रुमकॉर्फ कॉइलमधून मिळे. या कॉइलला सतत प्रवाह जोडणारा आणि तोडणारा एक थरथरता भाग असे. त्यामुळे ठिणग्यांची रांग लागे, गोळ्यांचा पृष्ठभाग जळून खडबडीत होई, लहरी अनियमित होत आणि वीज वाया जाई. बोस यांनी तो थरथरता भाग काढूनच टाकला. त्याऐवजी त्यांनी साधी कळ बसविली. कळ दाबून सोडली की प्रवाह एकदा तुटे, एकच ठिणगी पडे आणि लहरींचा एकच झोत निघे. गोळ्याला त्यांनी प्लॅटिनमची जोड दिली, त्यामुळे पृष्ठभाग टिकू लागला.

एका निरीक्षणाला एक ठिणगी पुरेशी आहे, हे ध्यानी आल्यावर मोठ्या घटमालेची गरजच उरली नाही. एक छोटा संचायक घट आणि लहान कॉइल धातूच्या पेटीत बंद केली, की प्रेषक हातात उचलून नेण्याजोगा होई. ही पेटी विजेच्या आणि चुंबकत्वाच्या भटक्या परिणामांना बाहेर पडू देत नसे. एरवी शेजारच्या नाजूक ग्राहकाने भलतीच नोंद केली असती.

ग्राहकासाठी जेमतेम दाब

दुसऱ्या टोकाचा प्रश्न नेमका उलट होता. लहर आल्याचे ओळखणारा ग्राहक त्या काळी कोहिअरर या नावाने ओळखला जाई. धातूचा कीस भरलेली काचेची नळी, असे त्याचे रूढ रूप होते. लहर आदळली की किसाचा रोध एकदम कमी होई आणि मंडलातील घटाचा प्रवाह वाढे. पण पुढची लहर टिपण्यापूर्वी नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागे. बोस यांनी किसाऐवजी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एबोनाइटच्या खाचेत शेजारी शेजारी बसविल्या. त्यांवरचा दाब स्क्रूने कमी-जास्त करता येई. या ग्राहकाच्या जोडीला एक विद्युतघट आणि एक गॅल्व्हानोमीटर असे.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आलेली लहर स्वतः काही घंटा वाजवीत नसे. तिच्यातली ऊर्जा अतिशय क्षीण. ती फक्त ग्राहकाचा रोध बदले. घंटा वाजविण्याचे काम तेथे ठेवलेला घट करी. त्यामुळे ग्राहकाच्या घटाचा दाब हा कळीचा मुद्दा ठरे. दाब जास्त झाला, तर लहर येण्याआधीच प्रवाह वाहू लागे. दाब कमी पडला, तर लहर येऊनही ग्राहक ढिम्म राही.

बोस यांनी घटाचा पूर्ण दाब ग्राहकावर कधी लादला नाही. सरकत्या संपर्काच्या साहाय्याने ते त्यातला हवा तेवढाच भाग घेत आणि तो कणाकणाने वाढवून ग्राहक सर्वांत तरल कोठे होतो, ते शोधून काढीत. पुढे त्यांनी निरनिराळ्या धातूंच्या स्पर्शबिंदूंवर दाब वाढविताना प्रवाह कसा बदलतो, याचे आलेखच काढले. लोखंडाच्या एका स्पर्शबिंदूच्या आलेखाला सुमारे ०.४५ व्होल्टपाशी ठळक वळण होते. त्या वळणावर ठेवला की तो सर्वांत चांगले काम देई. लेक्लांशे घटाच्या दाबाच्या जेमतेम एकतृतीयांश! हे आलेख सरळ रेषेत नव्हते, म्हणजे ओहमच्या नियमाला धरून नव्हते. पुढे अर्धवाहकांच्या शास्त्रात अशा आलेखांना मध्यवर्ती स्थान मिळाले.

बंगालच्या दमट हवेचाही त्यांना मुकाबला करावा लागला. पोलादी स्प्रिंगांना गंज चढे आणि ग्राहकाची तरलता जाई. म्हणून त्यांनी अनेक धातू आणि धातूंचे मुलामे पारखून पाहिले. हवामान हाही उपकरणाच्या रचनेचा एक घटक आहे, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

टाउन हॉल ते लंडन

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बोस यांनी या साऱ्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर उपस्थित होते. व्याख्यानगृहातून निघालेल्या लहरी त्यांच्या देहातून आणि मधल्या भिंतींमधून आरपार जाऊन सुमारे ७५ फुटांवरच्या खोलीत पोहोचल्या. तेथे घंटा वाजली, पिस्तूल उडाले आणि बंदुकीच्या दारूचा लहानसा स्फोट झाला.

त्याच वर्षी मे महिन्यात बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांचा पहिला शोधनिबंध सादर झाला होता. पाठोपाठ लॉर्ड रॅले यांच्यामार्फत पुढचे काम लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेले. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रतिष्ठेच्या शुक्रवार व्याख्यानमालेत त्यांना पाचारण झाले. तागाच्या पिळलेल्या जुड्या लहरींचे ध्रुवणतल फिरवितात, हेही त्यांनी दाखवून दिले. पानांमध्ये कथलाचे वर्ख घातलेल्या ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाचाही त्यांनी ध्रुवक म्हणून उपयोग केला होता. महागडी सामग्री नाही म्हणून काम अडू द्यायचे नाही, ही सवय कलकत्त्यात अंगवळणी पडली होती. उपकरणाची रचना त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता खुली केली, याचे तेथील तंत्रज्ञांना आश्चर्य वाटले.

पेटंटचा प्रश्न

याच सुमारास गुल्येल्मो मार्कोनी हा तरुण इंग्लंडमध्ये बिनतारी तारायंत्राचे पेटंट घेऊन कंपनी उभारत होता. दोघांचे मार्ग भिन्न होते. मार्कोनी यांना अंतर गाठायचे होते. त्यासाठी लांब लहरी, उंच खांब आणि मोठी शक्ती हवी होती. बोस यांना लहरींचे स्वरूप जाणायचे होते. १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात बोस यांनी आपोआप पूर्वस्थितीला येणाऱ्या कोहिअररचे वर्णन केले. त्यात लोखंड आणि पारा यांचा स्पर्श होता, टेलिफोनचा श्रवणभाग जोडलेला होता आणि नळीला टिचकी मारण्याची गरज नव्हती. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत पाऱ्याच्या कोहिअररवर ऐकला. त्या ग्राहकाचे मूळ बोस यांच्या या निबंधात असल्याचा पुरावा १९९८ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर मांडण्यात आला.

ज्ञान विकण्याची वस्तू नव्हे, या भूमिकेतून बोस पेटंटपासून दूर राहिले. १९०१ मध्ये लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या मालकाने मोठ्या लाभाचे आमिष दाखविले, तेही त्यांनी नाकारले. सारा बुल आणि भगिनी निवेदिता या हितचिंतक महिलांना मात्र हे पटत नव्हते. त्यांच्या खटपटीने त्याच वर्षी अमेरिकेत अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारित ग्राहकाचे पेटंट बोस यांच्या नावे मंजूर झाले. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणाला मिळालेल्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. बोस यांनी त्या हक्कांचा काहीच उपयोग करून घेतला नाही.

या निर्णयाचे मोल त्यांना द्यावे लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळाले. बोस यांचे नाव तंत्रज्ञानाच्या इतिहासातून बराच काळ जवळजवळ पुसले गेले. ज्याने अन्यायाच्या पगाराला हात लावला नाही, त्याने हक्काच्या मोबदल्याकडेही पाठ फिरविली. पहिल्या नकाराने भारतीय प्राध्यापकांचा मान वाढला. दुसऱ्या नकाराने भारतीय विज्ञानाचे हित झाले की अहित, यावर आजही दुमत होऊ शकते.

थकणारे यंत्र

दरम्यान त्यांचे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे वेधले गेले. सतत लहरी टिपून ग्राहक मंदावत असे आणि काही काळ विश्रांती दिली की पुन्हा ताजातवाना होत असे. या चढउताराचा आलेख थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसे. सामान्य तंत्रज्ञाने हा दोष मानून सुटा भाग बदलला असता. बोस यांना त्यात सजीव आणि निर्जीव यांच्यातील सीमारेषेचा प्रश्न दिसला. १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकी परिषदेत त्यांनी हा विषय मांडला आणि १९०२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्यांच्या काही निष्कर्षांवरील वाद पुढेही चालू राहिला. मात्र वनस्पतींमधील विद्युत संकेत मोजण्याचे आणि त्यांची वाढ लक्षावधी पटींनी मोठी करून दाखविणारा क्रेस्कोग्राफ घडविण्याचे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे.

१९१५ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच साली त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. बोस यांच्या कलकत्त्यातील हालअपेष्टांचा बराचसा तपशील या चरित्रामुळेच जगासमोर आला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले.

आजचा हिशेब

नोबेलविजेते सर नेव्हिल मॉट यांनी बोस आपल्या काळाच्या किमान साठ वर्षे पुढे होते, असा अभिप्राय पुढे दिला. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने कलकत्त्यातील त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्पा म्हणून गौरविले. मोटारींमधील रडार आज याच मिलिमीटर लहरींवर चालते आणि फाइव्ह-जी सेवेसाठीचा २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २०२२ च्या लिलावात विकला गेला.

विद्युतघटही पालटले. लेक्लांशेच्या बरणीतून कोरडा सेल आला, मग अल्कलाइन आणि लिथियम. पण निवडीचा हिशेब बदललेला नाही. बिनतारी संवेदक बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि संदेश पाठविताना क्षणभर मोठा प्रवाह मागतो. ३ व्होल्टच्या बटण सेलची साठवण वर्षभर पुरेल एवढी असली, तरी अंतर्गत रोधामुळे तो हा क्षणिक प्रवाह देताना दबतो; म्हणून त्याला धारित्राची जोड द्यावी लागते किंवा दुसरा सेल निवडावा लागतो. पुन्हा प्रभारित होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल प्रवाह चांगला देतो, पण त्याचा दाब १.२ व्होल्टच असतो आणि साठवलेली वीज तो हळूहळू आपोआप गमावतो. लिथियम-आयन सेलचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास. तो थेट जोडला तर कमी दाबाची चिप जळू शकते. सेलवर छापलेला साठवणीचा आकडा पाहून खरेदी करणारा येथेच फसतो. आपले उपकरण किती क्षण जागे राहणार, त्या क्षणी किती प्रवाह ओढणार आणि कोणत्या दाबावर ते नेमके काम करणार, हे आधी मोजावे लागते.

एका ठिणगीसाठी एक लहान घट आणि ग्राहकासाठी अर्ध्या व्होल्टहून कमी दाब, असे हे मोजमाप बोस यांनी स्वतः बनविलेल्या उपकरणांनी केले. त्यातली कित्येक उपकरणे कोलकात्याच्या बोस संस्थेने जतन करून ठेवली आहेत. लहान उपकरण घडविण्यासाठी आधी त्याची नेमकी गरज ओळखावी लागते, हे शिकवायला ती आजही पुरेशी आहेत.